बरोबरी झाली तर काय? : शंभर पानी वहीचा इतिहास

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी' लिही, असा संपादक मंडळाचा फोन आला. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी. तळोद्याचा इतिहास लिहिणारे जाणकार आपल्यात आणि आपल्या गुरुजनांत माझ्यापेक्षा कितीतरी आहेत, त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. गेल्या वर्षी जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत एक शंभर पानी वही सापडली. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे, पुढच्या पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात 'भूगोल', आणि आत भूगोलाचं एकही पान नाही. त्या वहीचा इतिहास लिहितो. १९९१च्या दहावीच्या बॅचमधल्या निदान एकवीस जणांना तो ठाऊक आहे, पण पूर्ण कोणालाच नाही.

वही जून १९९०ची आहे. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. सुट्टी संपून शाळा उघडली आणि आपण दहावीच्या वर्गात बसलो, तेव्हा इटलीत विश्वचषक फुटबॉल निम्म्यावर आला होता. फुटबॉलशी आपला संबंध किती? क्रीडा साहित्याच्या कपाटात एक फुटबॉल होता, त्याचा ब्लॅडर कधीचा गेलेला. आपण कबड्डी आणि खो-खोवाले, रविवारी क्रिकेटवाले. पण चार वर्षांपूर्वी मॅराडोना नावाचा माणूस दूरदर्शनवर पाहिलेला होता आणि तेवढं पुरे होतं. इटलीतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला दिसायचा आणि रात्रीचा साडेबाराला. साडेआठचा बघायला ज्या घरी टीव्ही त्या घरी सगळी गल्ली. साडेबाराचा बघायला फक्त ज्याच्या घरी टीव्ही तो, आणि तेही वडील झोपले असतील आणि लाईट असेल तर. साडेबाराच्या सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नसायचा, तो परवाच्या पेपरात यायचा. त्यामुळे आपल्या वर्गात एकच सामना दोन-दोन दिवस चालू असे.

मधल्या सुट्टीत पैज ठरली. साखळी सामने संपल्यावर बाद फेरीचे सोळा सामने उरतात, त्या प्रत्येकाचा निकाल आधी सांगायचा. बरोबर आला तर एक गुण. प्रत्येकी दोन रुपये, एकवीस मुलं, बेचाळीस रुपये. सगळ्यात जास्त गुण त्याला सगळे पैसे. वही ठेवायची मी, कारण माझं अक्षर बरं. मुलींना विचारलंच नाही हे आज लिहायला लाज वाटते. एकीने नंतर सांगितलं की तिने घरी स्वतःपुरते अंदाज लिहिले होते आणि तिचे बारा बरोबर आले. म्हणजे खरी जिंकलेली तीच.

पैसे लावले ही चूक होतीच. मटक्याचा आकडा म्हणजे काय हे आपल्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. पण या लेखाचा विषय दुसऱ्या चुकीचा आहे, आणि ती माझ्या एकट्याची आहे.

वहीच्या पहिल्या पानावर दोनच नियम आहेत. 'बरोबर निकालाला १ गुण. सामना सुरू होण्याआधी सांगायचं.' बस्स. त्या खाली रिकामी जागा भरपूर आहे.

ती रिकामी जागा किती महाग पडणार होती, याची सूचना खुद्द इटलीतच मिळाली होती, आम्हाला कळली नाही. त्या स्पर्धेत एका गटात इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स आणि इजिप्त होते. सहा सामन्यांपैकी पाच बरोबरीत सुटले. एकट्या इंग्लंडने इजिप्तला १-०ने हरवलं. आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचे तीन सामने झाले, तिन्ही बरोबरीत. दोघांचे गुण तीन, दोघांनी केलेले गोल दोन, खाल्लेले गोल दोन, आणि आपसातला सामना १-१. कुठूनही कापा, दोन्ही बाजू सारख्या. मग काय केलं? चिठ्ठी काढली. एवढ्या मोठ्या स्पर्धेत, जगभरचे कॅमेरे असताना, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काढतात तशी चिठ्ठी. आयर्लंड दुसरा ठरला, नेदरलँड्स तिसरा. दोघेही पुढच्या फेरीत गेले, पण आयर्लंडच्या वाट्याला रुमानिया आला आणि नेदरलँड्सच्या वाट्याला पश्चिम जर्मनी. नेदरलँड्स हरून घरी गेला. आयर्लंड एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

त्यावर फार आरडाओरड झाली नाही. कारण चिठ्ठी काढायची हे आधीच लिहिलेलं होतं. सगळं सारखं झालं तर शेवटी चिठ्ठी, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमच्या वहीत पहिली ठिणगी पडली ती त्याच आयर्लंडच्या सामन्यावर. २५ जूनला आयर्लंड-रुमानिया ०-० राहिला आणि पेनल्टींवर आयर्लंड ५-४ने पुढे गेला. आमच्यातल्या एकाने अंदाज लिहिला होता 'बरोबरी'. तो म्हणाला, माझा अंदाज बरोबर, सामना बरोबरीतच संपला. बाकीचे म्हणाले, बाद फेरीत बरोबरी असतेच कुठे? मी वहीवाला, म्हणून निकाल माझ्याकडे आला. मी म्हणालो, पुढे जाईल तो जिंकला. त्याचा गुण गेला.

खरं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पेनल्टींवर सुटलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीतच धरतात. पेनल्टी या फक्त पुढे कोण जाणार हे ठरवण्यासाठी असतात. त्या हिशेबाने अर्जेंटिना त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचला तो सहापैकी फक्त दोन सामने जिंकून. आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा येणारच होता. वही समोर ठेवून मी परवा मोजलं. आमच्या सोळा सामन्यांपैकी आठ सामने नव्वद मिनिटांत सुटलेच नाहीत. चार जादा वेळेत सुटले, चार पेनल्टींवर गेले, त्यात उपांत्य फेरीचे दोन्ही. पैज लावायला इतकी वाईट स्पर्धा शोधून सापडली नसती.

आता थोडं मागे जातो, कारण ही पेनल्टीची पद्धत काही खेळाबरोबर जन्मलेली नाही. ती आली ती चिठ्ठीला कंटाळून. १९५४च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेन आणि तुर्कस्तान भिडले. माद्रिदला स्पेन ४-१ने जिंकला, इस्तंबूलला तुर्कस्तान १-०ने. आजच्या हिशेबाने गोलफरकावर स्पेन सरळ पुढे जायला हवा. पण तेव्हा फक्त विजय मोजत, गोल नाही. म्हणून १७ मार्च १९५४ला रोममध्ये तिसरा सामना झाला. तो २-२. मग एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याकडून चिठ्ठी काढवली. तुर्कस्तान विश्वचषकाला गेला, स्पेन घरी. १९६८च्या युरोपीय स्पर्धेत उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही ०-०. सामना नेपल्समध्ये, म्हणजे इटलीच्याच अंगणात. नाणं उडवलं, इटलीचा कर्णधार फाकेत्तीने बरोबर सांगितलं आणि इटली पुढे जाऊन ती स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत इस्रायल आणि बल्गेरिया बरोबरीत राहिले आणि चिठ्ठीत इस्रायल बाहेर पडला. हे त्यांच्या संघटनेतल्या योसेफ दगान यांना फार लागलं. चिठ्ठीऐवजी पेनल्टी मारून ठरवा, असा प्रस्ताव त्यांनी लावून धरला आणि १९७०मध्ये खेळाचे नियम करणाऱ्या मंडळाने पेनल्टींची पद्धत मान्य केली. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरावी लागली १९८२मध्ये, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्या ३-३च्या उपांत्य सामन्यात.

म्हणजे पेनल्टी आली ती न्यायासाठी. पण तिच्यावरही आक्षेप आहेतच. जो संघ पहिली पेनल्टी मारतो त्याला फायदा होतो, दुसऱ्याला सतत पाठलाग करावा लागतो, असं काही अभ्यासकांनी मांडलं. काहींनी ते खोडून काढलं. २०१७मध्ये क्रम उलटसुलट करून पाहिला, पहिला संघ, मग दुसरा-दुसरा, मग पहिला-पहिला, असा. लोकांना तो कळेना, तेव्हा पुढच्याच वर्षी सोडून दिला. माझं मत विचाराल तर दमलेल्या पायांनी मारलेल्या पेनल्टीपेक्षा सरळ चिठ्ठी कमी क्रूर आहे. चिठ्ठीत हरलेल्या खेळाडूचं नाव कोणी आयुष्यभर घेत नाही.

बरोबरी मोडायचीच कशाला, असंही एक घराणं आहे. १९६०च्या ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघांनाही विजेते जाहीर केलं. १९७८च्या फेडरेशन चषकात पुन्हा हेच दोघे संयुक्त विजेते. १९८२-८३च्या संतोष करंडकात आपला शेजारी गोवा आणि बंगाल यांनी करंडक वाटून घेतला. चषक सहा-सहा महिने आलटून पालटून ठेवता येतो. बेचाळीस रुपये तर त्याहून सोपे, एकवीस आणि एकवीस. सम संख्या होती. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही.

अंदाजांच्या पैजेचा धंदा ज्या देशात सगळ्यात मोठा झाला, त्या इंग्लंडनेही वाटणीचाच रस्ता धरला. १९२३मध्ये जॉन मूर्स आणि त्याच्या दोन सोबत्यांनी मँचेस्टरच्या मैदानाबाहेर फुटबॉलच्या अंदाजांची चार हजार कुपनं वाटली. परत आली फक्त पस्तीस. सोबत्यांनी अंग काढून घेतलं, मूर्स टिकला आणि 'लिटलवुड्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे लाखो कुटुंबं दर आठवड्याला कुपनं भरायला लागली. तिथे गंमत अशी की बरोबरी ही अडचण नव्हती, तोच माल होता. कोणते सामने बरोबरीत सुटतील हे ओळखायचं, जितके बरोबर तितके गुण. आणि सगळ्यात जास्त गुण ज्यांचे, ते एक असोत की एक हजार, त्यांच्यात रक्कम समान वाटायची. ज्या आठवड्यात पुष्कळ जण जिंकत, त्या आठवड्यात हाती थोडं येई. कुरकुर होई, भांडण नाही.

त्यांची खरी परीक्षा १९६३च्या हिवाळ्यात झाली. इतका बर्फ पडला की आठवडेच्या आठवडे सामने रद्द. कुपनं भरलेली, सामनेच नाहीत. तेव्हा निवृत्त खेळाडू, एक पंच आणि वर अध्यक्ष म्हणून एक लॉर्ड, अशा मंडळींची समिती बसवली आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी खोलीत बसून जाहीर केले. आपल्याला हसू येतं. पण ती समिती निकाल ठरवायला बसली तेव्हा कोणाच्या कुपनावर काय लिहिलंय हे तिच्यासमोर नव्हतं. मी बसलो तेव्हा माझ्यासमोर वही उघडी होती.

९ जुलै १९९०, सोमवार. आदल्या रात्री पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला ८५व्या मिनिटाच्या पेनल्टीवर १-०ने हरवलं होतं. मी सकाळी प्रार्थनेआधी गुण मोजले. दोघांचे दहा-दहा. बाकी सगळे नऊ किंवा खाली.

त्यातला एक माझ्या बाकावरचा. त्याच्याच घरी मी साडेआठचे सामने बघायचो, त्याच्या आईच्या हातचे मुरमुरे खात. दुसरा धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा, मागून दुसऱ्या बाकावरचा. वसतिगृहात टीव्ही नव्हता. तो एकही सामना न बघता, बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये पेपर वाचून अंदाज सांगायचा. नावं लिहीत नाही. दोघेही मेळाव्याला येणार आहेत, आणि ज्यांना ओळखायचं त्यांनी आत्तापर्यंत ओळखलं असेल.

मी उभा राहून सांगितलं, "बरोबरी झाली तर ज्याची फायनल बरोबर, तो पहिला." माझ्या बाकावरच्याने पश्चिम जर्मनी लिहिलं होतं, वसतिगृहातल्याने अर्जेंटिना. बेचाळीस रुपये माझ्या बाकावर आले. वसतिगृहातला "बरं" म्हणाला आणि पुस्तक उघडून बसला. मधल्या सुट्टीत सगळ्यांना भजी मिळाली. तो आला नाही. मी दोन कागदात बांधून नेऊन दिली, ती त्याने घेतली आणि शेजाऱ्याला दिली.

आता नियम वाईट होता का? फायनलला जास्त वजन देणं यात वावगं काही नाही. पण परवा मी वही घेऊन बसलो आणि बरोबरी मोडण्याचे जेवढे मार्ग सुचले तेवढे त्या दोघांवर लावून पाहिले. फायनल बरोबर कोणाची? माझ्या मित्राची. सुरुवातीपासून सलग जास्त बरोबर कोणाचे? पुन्हा मित्राचे. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने बरोबर कोणाचे? वसतिगृहातल्याचे, इटलीला इटलीत अर्जेंटिना अडवेल असं आमच्यात फक्त तिघांनी लिहिलं होतं. ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती असे निकाल कोणी जास्त ओळखले? त्यानेच, ब्राझीलविरुद्ध अर्जेंटिना आणि कोलंबियाविरुद्ध कॅमेरून, दोन्ही त्याचे. अंदाज आधी कोणी दिला? त्यानेच, तो सकाळीच सांगून मोकळा व्हायचा; माझा मित्र बऱ्याचदा टीव्ही सुरू होताना सांगायचा. पाच नियम, त्यातले दोन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. एकही नियम मूर्खपणाचा नाही. फक्त कोणता नियम लावला म्हणजे कोण जिंकतो, हे मला तोंड उघडण्याआधी माहीत होतं. मी नियम निवडला नव्हता. मी माणूस निवडला होता आणि त्याला शोभेल असा नियम नंतर शोधला होता.

चार-पाच दिवसांनी वही गणिताच्या सरांच्या हाती लागली. आम्हाला वाटलं आता उभं करणार. सरांनी आधी पैशांबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग वहीची पानं उलटत राहिले. शेवटच्या पानावरून पुन्हा पहिल्या पानावर आले आणि मला म्हणाले, "बरोबरी झाली तर काय, हे कुठे लिहिलंय?"

मी म्हणालो, "सर, ते नंतर ठरवलं."

"कोणी?"

"मी."

सर काही बोलले नाहीत. पहिल्या पानावरच्या रिकाम्या जागेवर खडूच्या बोटाने एक टिचकी मारली आणि वही परत दिली. खडूचा तो पांढरा ठसा वहीवर आता दिसत नाही, पण कुठे होता ते मला माहीत आहे.

तो "बरं" मला पुढे वेगवेगळ्या ठिकाणी ऐकू आला. जुलै २०१९ची रात्र आठवा. लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघेही २४१, मग सुपर ओव्हरमध्ये दोघेही १५, आणि मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. आपल्या ग्रुपवर पहाटेपर्यंत शिव्या चालल्या होत्या. नियम वाह्यात होता हे मला मान्य. त्याच वर्षी तो बदलला. आता उपांत्य आणि अंतिम सामन्यात निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर चालू ठेवायची. पण न्यूझीलंडच्या कर्णधाराने नियमाला दोष दिला नाही, कारण तो नियम नाणेफेकीच्या आधीपासून छापलेला होता. त्याआधीच्या वर्षी रशियातल्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामना २-२. मग पिवळी कार्डं मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा. सेनेगल बाहेर. नियम माहीत असल्यामुळे जपानचे खेळाडू शेवटची दहा मिनिटं चेंडू आपसात फिरवत बसले, पोलंडविरुद्ध हरत असतानाही. ते बघायला घाण वाटलं. तरी फसवणूक नव्हती.

आणि फेब्रुवारी २०१७मध्ये तर आपल्याच राज्यात, मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२०मध्ये, भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना बरोबर ५,९४६ मतं पडली. दोघांनाही तेवढीच. फेरमोजणीनंतर चिठ्ठी काढली आणि शाह निवडून आले. लोक म्हणाले, ही कसली लोकशाही? पण विचार करा. विधानसभा-लोकसभेसाठी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही तेच लिहिलंय: मतं समान झाली तर चिठ्ठी, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला एक मत जादा मिळालं असं धरायचं. वयाने मोठा, शिक्षणाने जास्त, आधी अर्ज भरलेला, असले नियम करता आले असते. कायदा करणाऱ्यांनी ते केले नाहीत. चिठ्ठी कोणाच्या बाकावर बसत नाही.

कतारच्या विश्वचषकाला, २०२२मध्ये, आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा अंदाजांची टूम निघाली, या वेळी मुलींसह आणि पैशांविना. जिंकणाऱ्याला सगळ्यांनी मिळून एक जेवण. वही ठेवायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. या वेळी मी पहिला सामना सुरू व्हायच्या आधी नियम टाकले आणि एकाने विचारलंही, "भो, जेवणासाठी एवढं संविधान?" बाद फेरीत पुढे जाईल तो जिंकला, नोंदीत काहीही असो. गुण सारखे झाले तर ज्याचे नेमके गोल जास्त वेळा जुळले तो. तरी सारखे तर संपूर्ण स्पर्धेत एकूण गोल किती होतील हा आकडा प्रत्येकाने आधीच लिहून ठेवायचा, जवळचा तो पहिला, वर गेला की खाली राहिला याला महत्त्व नाही. तरीही सारखे, तर जेवण दोघांनाही.

शेवटच्या नियमाच्या आधीच्या नियमापर्यंत आलोच. १८ डिसेंबरला अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३, पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२, आणि आमच्याकडे तिघे सारख्या गुणांवर, नेमके गोलही सारखे. एकूण गोल झाले १७२. तिघांचे आकडे होते १६४, १७० आणि १८१. १७०वाली जिंकली. हीच ती, १९९०मध्ये घरी अंदाज लिहिणारी. ग्रुपवर कोणी एक शब्द काढला नाही. १८१वाल्याने फक्त रडका चेहरा टाकला.

त्या दिवशी वसतिगृहातल्या मित्राचा मला वेगळा मेसेज आला. ग्रुपवर तो क्वचितच बोलतो. आज तो सातपुड्यातल्या एका शाळेत शिकवतो. लिहिलं होतं, "या वेळी आधी लिहिलंस." मी लगेच फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सगळं सांगितलं. मला आधी माहीत होतं की माझ्या बाकावरचाच जिंकणार, हेही सांगितलं. तो म्हणाला, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. बेचाळीस रुपयांचं मला तेव्हा काय करायचं होतं ते आता आठवतही नाही. मग थोडा थांबून म्हणाला, "एकच विचारतो. चिठ्ठ्या का नाही टाकल्यास? त्यात हरलो असतो तर मी भजी खायला आलो असतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी सुचली होती, वाटणीही सुचली होती. दोन्हीत माझा मित्र हरू शकत होता किंवा अर्धाच जिंकला असता, म्हणून दोन्ही गिळले. बाकावरच्या मित्रालाही मी हे सगळं कळवलं. तो आधी हसला, मग म्हणाला, मी तर चौतीस वर्षं समजत होतो की फुटबॉल मला कळतं.

तर ठरलं असं. मेळाव्याच्या दिवशी वही नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलेली असेल, ज्यांना आपापले जुने अंदाज बघून तोंड लपवायचं असेल त्यांनी बघावेत. ज्याने आयर्लंडच्या सामन्याला 'बरोबरी' लिहिलं होतं त्याचा गुण मी लाल शाईने परत दिला आहे. त्याचे एकूण आठ होतात, जास्त आनंद मानू नये. जेवणाआधी दोन चिठ्ठ्या टाकायच्या आणि गणिताच्या सरांनी एक उचलायची. सर येणार आहेत, मी स्वतः जाऊन विचारून आलो. जिंकेल त्याने सगळ्यांना भजी द्यायची की हरेल त्याने, हे मात्र आमचं ठरलेलं नव्हतं. सरांनी दारापर्यंत सोडायला येताना तेवढंच विचारलं, आणि ते ठरवून, लिहून, आदल्या दिवशी त्यांच्याकडे पोचतं करायला सांगितलं आहे.